झाडीपट्टीची रंगभूमी आणि तिचे यजमान गाव

विदर्भाच्या पूर्वेला, वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे, चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वभाग आणि गडचिरोली जिल्ह्याचा उत्तरभाग मिळून जो जंगलाचा व धानशेतीचा सलग प्रदेश तयार होतो, त्याला तेथील लोक झाडी किंवा झाडीपट्टी म्हणतात. आज हा प्रदेश चार जिल्ह्यांत विभागलेला दिसत असला तरी ही विभागणी अलीकडची आहे. गडचिरोली जिल्हा 1982 साली चंद्रपूरमधून आणि गोंदिया जिल्हा 1999 साली भंडाऱ्यातून वेगळा झाला, आणि त्याआधी कितीतरी पिढ्या या पट्ट्यातील सोयरिकी, बाजार, जत्रा आणि बोली यांचे जाळे एकच होते. याच जाळ्यातून येथे एक नाट्यव्यवहार उभा राहिला, जो शतकाहून अधिक काळ टिकला आहे आणि ज्याचा प्रत्येक प्रयोग कोणत्या ना कोणत्या गावाच्या निमंत्रणावरूनच होत आला आहे. मराठी रंगभूमीच्या इतिहासग्रंथांत या व्यवहाराला फारच थोडी जागा मिळाली आहे. सांगली, पुणे आणि मुंबई या शहरांच्या आधारे तो इतिहास लिहिला गेल्याने नाटककार, नट आणि मंडळीचा मालक यांचीच नोंद झाली. नाटक बोलावणारे गाव नोंदीबाहेर राहिले. झाडीपट्टीत मात्र या गावाला वगळून रंगभूमीविषयी काही बोलताच येत नाही.

या रंगभूमीचे वेळापत्रक धानाने ठरवलेले आहे. कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेल्या जुन्या तलावांच्या आणि बोड्यांच्या, म्हणजे लहान तळ्यांच्या, पाण्यावर येथे भाताचे पीक घेतले जाते, आणि बांध घालून पाणी अडवलेल्या शेताला बांधी म्हणतात. पावसाळाभर चिखलात रोवणी आणि निंदणी यांत गुंतलेले गाव दिवाळीच्या सुमारास थोडे मोकळे होऊ लागते; कापणी होते, कापलेल्या धानाचे पुंजणे, म्हणजे ढीग, रचले जातात, पुढे मळणी होऊन धान घरी येते आणि हाती वर्षातला पहिला पैसा येतो. भाऊबीजेपासून होळीपर्यंतचा हा काळ म्हणजे नाटकांचा हंगाम. ज्या बांधीत चार महिन्यांपूर्वी गुडघाभर पाणी होते, तीच कोरडी पडल्यावर तेथील माती खोदून प्रेक्षकांसाठी उतरता खड्डा केला जातो आणि निघालेली माती पुढच्या बाजूला टाकून तिच्यावर रंगमंच उभारला जातो. चहूबाजूंनी कनाती लागतात आणि रात्री दहाच्या आसपास सुरू झालेला खेळ उजाडेपर्यंत चालतो. नाट्यगृह नावाची कायमची इमारत नसताना हजारो माणसांना दिसेल आणि ऐकू येईल अशी जागा तयार करण्याचे हे कौशल्य गावकऱ्यांचेच आहे, आणि वास्तुरचनेच्या दृष्टीनेही ते अभ्यासण्याजोगे आहे. त्याकडे आजवर कोणी पुरेसे लक्ष दिलेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

नाटक येण्यापूर्वी या रात्री रिकाम्या नव्हत्या. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे येथे भाजीबाजार नव्हे, तर ठरलेल्या दिवशी भरणारी गावाची जत्रा, जिच्यात दुकाने लागतात, गोवारी समाजाची मंडळी नाचतात आणि आजूबाजूच्या गावांतील लोक पाहुणे म्हणून येतात. मंडईच्या रात्री दंडार होत असे. दंडार हा पुरुषांनी सादर करावयाचा, गाणे, नाच आणि संवाद यांचा मिळून बनलेला प्रकार असून त्याचे बैठी, खडी आणि परसंगी असे भेद सांगितले जातात. परसंगी दंडारीत गाण्यांच्या मध्ये एखादा प्रसंग, म्हणजे छोटे कथानक, वठवले जाई आणि त्यातली पात्रे गावातीलच असत. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीचा सविस्तर अभ्यास करून झाडीपट्टीच्या नाटकाचे मूळ तिच्यात दाखवले आहे, आणि मंडईची रात्र, पुरुषांनी केलेली स्त्रीपात्रे, गद्याच्या मध्येच उसळणारे गाणे ही नाटकातील वैशिष्ट्ये पाहिली असता त्यांचे म्हणणे पटते. प्राणहितेच्या पलीकडे, आजच्या तेलंगणातील आदिलाबादच्या राजगोंडांत, दिवाळीच्याच दिवसांत दंडारी नावाचा उत्सव होतो आणि गुसाडी नर्तक गावोगाव पाहुणे म्हणून फिरतात. त्यावरून या प्रथेची मुळे मराठीच्या सीमेपलीकडेही पसरलेली असावीत असे मानण्यास जागा आहे.

दुसरा प्रवाह खडी गंमतीचा. शाहीर, ढोलकीवाला, स्त्रीवेष घेतलेला नाच्या आणि हसवणारा गंमत्या एवढ्या मोजक्या माणसांवर, उभ्याने, प्रेक्षकांच्या मधोमध उभा राहणारा हा खेळ भंडारा-नागपूर भागात विशेष लोकप्रिय होता आणि आजही होतो. शेजारच्या छत्तीसगडमधील नाचा या लोकनाट्यातील विनोदी प्रवेशांनाही गम्मतच म्हणतात, आणि तोही रात्रभर चालतो. झाडीपट्टीचा प्रेक्षक म्हणजे प्रथमच नाटक पाहणारा अजाण ग्रामीण माणूस, अशी जी समजूत शहरी लिखाणात आढळते, ती या पूर्वपीठिकेपुढे टिकत नाही. रात्रभर जागून, गाण्याला दाद देत, मधल्या विनोदासह कथा ऐकण्याची सवय त्याला पिढ्यान्पिढ्यांची होती.

विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले आणि अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी 1880 साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचे युग सुरू केले, तेव्हा झाडीपट्टी मुंबई इलाख्यात नव्हती. ती आधी नागपूरच्या भोसल्यांच्या राज्याचा आणि पुढे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताचा भाग होती. तरीही नाटकाचे लोण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी येथवर पोहोचले. गावातील थोडे शिकलेले तरुण, शाळेचे मास्तर आणि पेटी वाजवणारा एखादा जाणकार यांनी एकत्र येऊन छापील नाटकाच्या पुस्तकावरून खेळ बसवावा, मंडईला किंवा शंकरपटाला तो करावा, आणि पुढच्या वर्षी नवे पुस्तक घ्यावे, असा क्रम गावोगाव रूढ झाला. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. दिवसा पट आणि रात्री नाटक ही जोडी येथे इतकी घट्ट बसली की पटाच्या गावी नाटक नसणे कमीपणाचे मानले जाऊ लागले. या काळात गावाच्या शेतसाऱ्याची जबाबदारी आणि जमिनीवरील मालकी हक्क असलेला मालगुजार हा अशा उत्सवांचा स्वाभाविक आश्रयदाता होता. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, आणि उत्सवाचे यजमानपण एका वाड्याकडून गावातल्या मंडळाकडे सरकण्यास त्यामुळे निश्चितच वाव मिळाला. हा बदल महत्त्वाचा आहे, कारण आश्रयदात्याबरोबर आश्रित कलाही नाहीशी होते असा अनुभव अन्यत्र अनेकदा आलेला असताना येथे तसे घडले नाही.

हीच गोष्ट बोलपटाच्या बाबतीत. 1931 साली ‘आलम आरा’ आणि 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ आल्यानंतर पश्चिम महाराष्ट्रातील मोठ्या संगीत नाटक मंडळ्या काही वर्षांतच कोसळल्या. तिकिटविक्रीवर आणि शहरातल्या थिएटरांवर त्यांचा सगळा भार होता, आणि ती थिएटरे चित्रपटगृहे झाली. झाडीपट्टीतील खेळ थिएटरावर अवलंबून नव्हता, मालकाच्या भांडवलावरही नव्हता. तो पिकावर आणि मंडईवर अवलंबून होता, आणि मंडईची तिथी बोलपटाने बदलत नव्हती. पुण्यामुंबईत पेटीवरची नाट्यगीते हौशी मैफलींपुरती उरली, तेव्हा वैनगंगेच्या काठी ती नाटकातच गायली जात होती, आणि ऑर्गन, तबला आणि ‘वन्समोअर’ची आरोळी हे येथे स्मरणरंजन झाले नाही. पुढे दूरचित्रवाणी आली, व्हिडिओ आला, मोबाइल आला. प्रत्येक वेळी या रंगभूमीचा अंत जवळ आल्याचे सांगितले गेले, परंतु हंगामात नाटकांची गर्दी कमी झाली नाही.

वडसा, ज्याचे दुसरे नाव देसाईगंज, हे गडचिरोली जिल्ह्यातील गोंदिया–चंद्रपूर लोहमार्गावरचे गाव आज या व्यवहाराचे केंद्र आहे. गावातील पोरांनी स्वतः नाटक बसवण्याऐवजी तयार मंडळी बोलावण्याची प्रथा जसजशी वाढली, तसतशी रेल्वेने आणि रस्त्याने चारही जिल्ह्यांना जोडलेल्या या ठिकाणी मंडळ्यांची कार्यालये जमा झाली. वृत्तपत्रांतून पन्नासच्या आसपास मंडळ्यांचा उल्लेख येतो. हंगामापूर्वी गावोगावची मंडळे येथे येऊन नाटक ‘बुक’ करतात, तारीख, नाटकाचे नाव आणि नटनट्या ठरवतात, पत्रके छापून घेतात. आणि मग कलावंतांच्या गाड्या दुपारी वडशाहून निघून रात्रीचा खेळ करतात व सकाळी परत येतात, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी जाण्यासाठी. मोठ्या मंडईच्या गावी एकाच रात्री दोन-तीन मंडळांची वेगवेगळी नाटके शेजारशेजारच्या शिवारांत चालतात आणि प्रत्येकाचा खड्डा भरलेला असतो.

या व्यवस्थेत नाटकाचा निर्माता कोण, हा प्रश्न विचारला तर उत्तर वडशाच्या मंडळीचे नाव असे येत नाही. ठरलेली रक्कम मंडळीला मिळते, मात्र नफ्यातोट्याची जोखीम गावचे मंडळ घेते. जागा खोदणे, मंडप, वीज, तिकिटे, बंदोबस्त आणि पत्रकावर उद्घाटक, अध्यक्ष व प्रमुख पाहुणे म्हणून कोणाकोणाची नावे घालायची हा नाजूक विषय, हे सारे त्याच्याकडे असते. शिल्लक राहिली तर ती देऊळ, शाळा, समाजमंदिर अशा गावच्या कामाला लागते, आणि तूट आली तर मंडळाचे सभासद ती आपसांत भरून काढतात. शहरी नाटकात प्रेक्षक तिकीट काढून एक संध्याकाळ विकत घेतो आणि नाटक पडले तर त्याचे काही जात नाही. झाडीपट्टीत खड्ड्यात बसलेला माणूस बहुधा त्या नाटकाचा यजमान असतो, यजमानाचा भाऊ असतो किंवा यजमानाच्या घरी उतरलेला पाहुणा असतो.

पाहुण्यांची ही गोष्ट किरकोळ समजून सोडून देण्यासारखी नाही. नाटक ठरले की घरोघर निरोप जातात. सासरी गेलेल्या मुली, जावई, व्याही, मामाकडची माणसे दुपारपासून येऊ लागतात, आणि त्या दिवशी एकेका घरी जेवणाऱ्यांची संख्या लग्नघराला शोभेल इतकी होते. पेरणीपासून कापणीपर्यंत भेट न झालेल्या माणसांची ही भेटीची तिथी असते. उपवर मुले-मुली आणि त्यांचे आईवडील एका गावी, एका घरी, काही तास निवांत असल्याने सोयरिकीची बोलणी अनेकदा याच दिवशी निघतात, आणि झाडीपट्टीतील कितीतरी लग्नांचा प्रारंभ नाटकाच्या पाहुणचारात झालेला आहे, असे तेथील लोक सांगतात. जंगल, नाले आणि विरळ वस्ती यांनी एकमेकांपासून दूर ठेवलेल्या गावांना एकत्र राखण्याचे काम या रात्री करतात. नाटक हे त्याचे निमित्त आहे असे कोणी म्हणेल, पण निमित्त इतके आवडीचे नसते तर ते शंभर वर्षे चालले नसते.

रंगमंचावर दिसते काय? पौराणिक व ऐतिहासिक नाटकांची जागा बऱ्याच काळापासून सामाजिक नाटकांनी घेतली आहे. जमीनदाराचा अन्याय, हुंडा, व्यसन, भावाभावांतली वाटणी, परित्यक्तेचे दुःख, जातीबाहेरचे प्रेम आणि अलीकडे कर्जबाजारी शेतकऱ्याची आत्महत्या हे विषय तेथे पुन्हापुन्हा येतात. नवरगावचे सदानंद बोरकर यांच्यासारखे नाटककार लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय एकट्याने सांभाळत आले आहेत. अभिनय ठळक असतो, भावना मोकळ्या आवाजात सांगितल्या जातात, रंगवलेले पडदे झपाझप बदलतात. खड्ड्याच्या शेवटच्या ओळीत घोंगडी पांघरून बसलेल्या म्हातारीपर्यंत पोहोचायचे असेल तर बंद नाट्यगृहातला संयत स्वर उपयोगी पडणार नाही, हे ओळखूनच ही शैली घडली आहे. तिला भडक म्हणून बाजूला सारणारे समीक्षक ती कोणत्या अंतरावरून पाहायची असते हे विचारात घेत नाहीत.

भाषेची वाटणी त्याहून विचार करण्यासारखी आहे. नायक, नायिका आणि खलनायक प्रमाण मराठीत बोलतात, तर गडी, शेजारी, बेरकी म्हातारा अशी विनोदी पात्रे झाडीबोलीत, जिच्यात ‘ण’ आणि ‘ळ’ यांचा उच्चार होत नाही आणि ज्यांच्या जागी ‘न’ आणि ‘र’ येतात. गंभीर भाषा बाहेरची आणि हसण्याची भाषा घरची, ही वाटणी बोलीला कमी लेखणारी आहे, असा आक्षेप घेता येतो आणि तो बिनबुडाचा नाही. परंतु प्रयोग पाहणाऱ्याला कळते की प्रेक्षक ज्यांची वाट पाहतात ती पात्रे बोलीतलीच असतात, नायकाला जे सुनावता येत नाही ते गडी सुनावतो, आणि शाळेत व कचेरीत जी भाषा लपवावी लागते ती येथे हजारोंसमोर टाळी घेते. गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी आपल्या विनोदी भूमिकांमुळे झाडीपट्टीत जी लोकप्रियता मिळवली, तिचा पाया ही बोलीच होती. 2023 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा महाराष्ट्राच्या इतर भागांतील अनेकांनी या रंगभूमीचे नाव प्रथमच ऐकले.

या व्यवहारातले दोषही सांगितले पाहिजेत. रोज वेगळे गाव आणि पुष्कळदा वेगळे नाटक असल्याने तालमीला वेळ उरत नाही, नट प्रॉम्प्टरवर अवलंबून राहतात, आणि प्रॉम्प्टर, म्हणजे आडोशाला बसून संवाद पुरवणारा माणूस, आजारी पडला तर प्रयोग लंगडतो. प्रेक्षक खेचण्यासाठी मध्येच घुसवलेले नाच कथानकाचा कणा मोडतात. पूर्वी पुरुष करीत असलेल्या स्त्रीभूमिका आता स्त्रिया करतात, ही पुढची पायरी खरी. परंतु या नट्या बऱ्याचदा नागपुरासारख्या बाहेरच्या ठिकाणाहून येतात, आणि ज्या गावात आपली लेक पाहुणी म्हणून नाटकाला येते त्या गावाला ती लेक रंगमंचावर उभी राहिलेली अजूनही सहज सोसत नाही. शिवाय मंडळ्या व्यावसायिक झाल्या तशी गावातल्या पोरांची स्वतःची नाटके कमी झाली. ज्या तरुणाने एके काळी पेटीमास्तरापुढे बसून पदे पाठ केली असती, तो आता तिकिटे फाडतो आणि खुर्च्या लावतो. गाव यजमान राहिले, पण नट राहिले नाही, आणि ही हानी लहान नाही.

अलीकडच्या दोन आघातांतून यजमानपणाची ही व्यवस्था किती चिवट आहे ते दिसले. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आली आणि शंकरपटाचा दिवस कायद्याच्या दृष्टीने रद्द झाला. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात शर्यतींना पुन्हा परवानगी मिळेपर्यंत नाटकाला मंडईचा आणि इतर सणांचा आधार शोधावा लागला, आणि तो त्याला मिळाला. दुसरा आघात 2020 चा. करोनाच्या साथीमुळे जमावावर निर्बंध आले आणि त्या वर्षीचा हंगाम बुडाला. हंगामाच्या मिळकतीवर वर्ष काढणारे नट, वादक, पडदेवाले, रंगभूषाकार आणि वाहनचालक यांच्यापैकी अनेकांना मिळेल त्या मजुरीवर जावे लागले. निर्बंध उठल्यावर गावांनी पुन्हा तारखा घेतल्या. एखाद्या मालकाची मंडळी असती तर एवढ्या तोट्यानंतर ती बंद करण्याचा निर्णय त्याला एकट्याला घेता आला असता. येथे तो निर्णय शेकडो गावांना वेगवेगळा घ्यावा लागला असता, आणि त्यांनी तो घेतला नाही.

या सगळ्याची नोंद मात्र अतिशय विस्कळीत आहे. झाडीपट्टीत लिहिलेल्या नाटकांपैकी छापील स्वरूपात आलेली थोडीच. बाकीची हस्तलिखित वह्यांत, मंडळ्यांच्या पेट्यांत आणि प्रॉम्प्टरच्या हाताने खाडाखोड केलेल्या प्रतींत आहेत. कोणत्या गावी कोणत्या वर्षी कोणते नाटक झाले, भूमिका कोणी केल्या आणि तिकिटाचा दर काय होता, याचा सर्वांत विश्वसनीय पुरावा म्हणजे रंगीत कागदावरची ती पत्रके, जी प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी टाकून दिली जातात. गावच्या मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्या तर त्याहून मोलाच्या आहेत, कारण मालगुजारानंतर गावाने यजमानपण कसे पेलले, वर्गणी कोणी किती दिली आणि शिलकीतून काय बांधले, हे केवळ त्यांच्यातच सापडू शकते. डॉ. बोरकरांनी दंडारीसाठी जे केले ते कोणीतरी या वह्या आणि पत्रकांसाठी, गावोगाव फिरून, त्या बाळगणारी पिढी हयात आहे तोवर करण्याची आवश्यकता आहे.